झोपेच्या उंबऱ्यावर

तो झोपला नव्हता. बाकीचं सगळं मागाहून सांगतो, पण हे वाक्य आधी लिहून टाकतो. माझं वय झालं आहे. मध्येच धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहील.

आमच्या निसर्ग मंडळाची स्मरणिका निघते आहे. डोंबिवलीतली तरुण मंडळी हौसेने मजकूर गोळा करताहेत. त्यांच्यातल्या एका मुलीचा फोन आला, "काका, तो मचाणावर घोरण्याचा किस्सा तुम्हीच लिहा ना. तुम्ही शेजारीच होतात. एकदम भारी आहे!" तिने त्याला कधी पाहिलेलंही नाही, पण किस्सा तिला तोंडपाठ आहे. मंडळात नवं माणूस आलं की पहिल्याच सहलीत त्याला तो ऐकवला जातो. एक महाशय होते, मचाणावर बसावं तर आपणच, असं म्हणायचे. भेकर खाली येऊन उभं राहिलं आणि महाशय वर घोरत होते!

किस्सा माझाच आहे. म्हणजे मी रचलेला.

आम्ही दोघं नौपाड्यात एकाच कचेरीत होतो, टेबलाला टेबल लागून. तो डोंबिवलीहून यायचा, मी ठाण्यातलाच. या माणसाला एकच गोष्ट येते, असं मी मनात म्हणायचो, ती म्हणजे बसणं. आता यात येण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण तो खुर्चीत बसला की खुर्ची त्याच्यासाठीच केलेली वाटायची आणि आपण बसलो की आपण कोणाची तरी वाट बघत टेकलोय असं वाटायचं. कुठेही गेला की आधी उभा राहायचा, खोली नीट बघायचा, उजेड कुठून येतो, वारा कुठून येतो, दार कुठे आहे. मग एक जागा हेरायचा आणि तिथे जाऊन असा काही विसावायचा की थोड्या वेळाने तो खोलीत आहे हेच लोक विसरून जायचे.

आमच्या साहेबांनी केबिनमध्ये नवी फिरती खुर्ची घेतली तेव्हा सगळे कौतुक करायला गेलो. साहेब त्याला म्हणाले, "या, तुम्ही तर यातले जाणकार. बसून बघा." तो बसला, डोळे मिटले, जरा मागे रेलला आणि उठून म्हणाला, "साहेब, ही खुर्ची तुम्हाला बसू देणार नाही, लोळवणार. पाठ जाईल तुमची." साहेबांचा चेहरा पडला. पुढे त्यांची पाठ खरंच गेली. पट्टा लावून यायला लागले तेव्हा त्यांनी याला बोलावून लाकडी खुर्ची निवडायला दुकानात नेलं. जाताना रिक्षात दोघं गप्पा मारत होते. मी त्या साहेबांच्या हाताखाली याच्याइतकाच काळ काम केलं, मला त्यांनी रिक्षात कधी घेतलं नाही.

हे सगळं त्याच्याकडे आलं होतं आजोबांकडून. आजोबा मुरबाडकडचे. शिकारीला बंदी नव्हती त्या काळात ते मचाण बांधून हरणाची वाट बघत बसायचे. नातवाने बंदुकीला कधी हात लावला नव्हता, पण आजोबांचं बसणं त्याने उचललं होतं. म्हणायचा, "शिकारीतून बंदूक काढून टाक. काय उरतं? बसणं. नेम काय, कोणीही शिकेल रे."

मंडळात त्यानेच मला नेलं. दर उन्हाळ्यात वनखात्याच्या परवानगीने आम्ही पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून जनावरं मोजायला जायचो. पहिल्या वर्षी मी कडक इस्त्रीची हिरवी पँट, नवे बूट, दुर्बीण, चिवड्याची पिशवी अशा थाटात गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा चिवडा कोणी दिला?"

"कोणी म्हणजे? बायकोने."

"वहिनींना सांग, छान असतो. पण खाली ठेव. मचाणावर वाजणारं काही खायचं नाही. दशमी आण, केळं आण. आणि ती खिशातली नाणी काढ. अंघोळ कशाने केलीस?"

"साबणाने! आणि कशाने करतात?"

"वास येतोय. चंदनाचा. हरणाला वाटेल लग्न आहे."

सगळे हसले. मीही हसलो. पण आत कुठेतरी ते लागलं.

मग त्याने मला बसायला शिकवलं. फळ्यांवर गोणपाट दुमडून घालायचं, म्हणजे फळी करकरत नाही आणि खाली टोचत नाही. पाठ खोडाला टेकवायची, पण खोडाची गाठ मणक्यावर यायला नको. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, मुंग्या येतात आणि मग माणूस हलतो. टाचांना आधार हवा. कमरेभोवती मऊ दोर घेऊन तो खोडाला बांधायचा, म्हणजे पडण्याची भीती जाते. "भीती गेली की स्नायू सैल होतात, स्नायू सैल झाले की श्वास खाली उतरतो. हरीण तुला बघत नाही रे, तुझं अवघडणं बघतं. अवघडलेला माणूस झाडावर वेगळा दिसतो. आरामात बसलेला माणूस झाडाचाच होतो."

आणि शेवटचं, जे तो फार कोणाला सांगायचा नाही, ते असं: "झोपेच्या उंबऱ्यावर बसायचं. आत जायचं नाही, परतही फिरायचं नाही. उंबऱ्यावर."

त्या वर्षी मला एक रानडुक्कर आणि पुष्कळ डास दिसले. त्याला सांबर दिसलं. पुढल्या वर्षी मी साबणाशिवाय अंघोळ केली, नाणी घरी ठेवली, गोणपाट त्याच्याहून जाड नेलं. त्याला चितळांचा कळप दिसला, मला त्यांची शेपटं. मी चांगली दुर्बीण घेतली, मग चांगला कॅमेरा घेतला. जनावरं त्याच्याकडे यायची. त्याच्याकडे कॅमेराच नव्हता! बघून काय करायचा तर परत येऊन सांगायचा, आणि तो सांगायला लागला की माझे फोटो बघणारे लोक हळूच उठून त्याच्या भोवती जाऊन बसायचे.

घरीही तेच. माझे वडील गेले तेव्हा लोक येत होते, आईसमोर खुर्ची ओढून बसत होते आणि वय किती होतं, काय झालं होतं, असं विचारत होते. आई कोणाशी बोलेना. हा आला. समोर बसला नाही. तिच्या शेजारी, थोडासा मागे, खिडकीकडे तोंड करून बसला, जशी ती बसली होती तसाच. काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने आईच म्हणाली, "त्यांना ते समोरचं झाड आवडायचं." आणि मग ती बोलतच राहिली, वडिलांबद्दल, लग्नाबद्दल, मला कधीच न सांगितलेल्या गोष्टींबद्दल. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्यानंतर आई अधूनमधून विचारायची, "तुझा तो मित्र नाही रे आला बऱ्याच दिवसांत?" मी रोज तिच्यासमोर बसायचो. समोरच बसायचो, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा माझ्या भाचीला बघायला लोक येणार होते, तेव्हा हा सहज म्हणून घरी आला होता. मुलाकडची मंडळी सोफ्यावर, आणि भाचीला बसवलं होतं खिडकीसमोरच्या खुर्चीत, डोळ्यांवर ऊन. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रश्न चालू होते आणि ती डोळे बारीक करून उत्तरं देत होती. हा उठला, सरळ तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "ऊठ बाळ. इकडे ये. तुला यांचे चेहरे दिसायला नकोत का? बघायला तूही बसली आहेस." मुलाचे काका चपापले. मुलगा मात्र हसला. ते लग्न झालं. भाची अजून सांगते, "मामा, ते ऊठ बाळ म्हणाले ना, तेव्हा मी हो म्हणायचं ठरवलं." मामा मी होतो. खुर्ची माझ्या घरची होती.

एवढं लिहिलं म्हणजे त्या दिवसापर्यंत मी कसा पोचलो ते कळेल. सबब म्हणून लिहीत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना एकच मचाण मिळालं. जाडजूड झाड, दोघांच्या पाठी खोडाला, कडेने कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, एकाचं तोंड पाण्याकडे, दुसऱ्याचं मागच्या करवंदीच्या जाळीकडे. चिठ्ठीत पाण्याची बाजू त्याला आली होती. त्याने माझा कॅमेरा पाहिला आणि म्हणाला, "तू घे पाणी. मला काय, जाळी तर जाळी." मी नको-नको म्हटलं, आणि घेतली.

दिवसभर पाण्यावर काही आलं नाही. उन्हं कलली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, मान धरली होती. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता, संथ, एका लयीत. तेवढ्यात त्याचं एक बोट माझ्या कोपराला लागलं. अगदी हलकं. आमची ती खूण ठरलेली होती: काहीतरी आलंय, वळू नकोस.

मी फक्त मान किंचित वळवली. खोडाच्या आड मला जाळी दिसत नव्हती. दिसला तो त्याच्या चेहऱ्याचा एक भाग, गाल आणि डोळ्याचा कोपरा. त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कोणाच्याही चेहऱ्यावर पुन्हा पाहिलं नाही. आनंद म्हणावा तर आनंद नव्हे. कोणीतरी त्याला ओळखलं होतं, असं काहीतरी. आणि जाळीच्या बाजूने पानं ओढून खाल्ल्याचा बारीक आवाज येत होता.

पाण्याची बाजू त्याने मला दिली होती आणि जनावर त्याच्याकडेच आलं होतं.

माझा हात कॅमेऱ्याच्या पिशवीवर होता. तिच्या झाकणाला ती चिकटपट्टी असते, ओढली की खर्रकन वाजते. हात चुकून लागला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. लागला नव्हता. मी ती पट्टी धरली आणि ओढली.

खाली एकदम धडपड झाली. आणि मग भेकर ओरडलं. कुत्र्यासारखं, घोगरं, एकामागून एक. रान दणाणलं. पलीकडच्या मचाणांवरही ते सगळ्यांनी ऐकलं असणार.

मंडळात एक जुना रिवाज होता. ज्याच्यामुळे जनावर बुजेल, त्याला पुढल्या वर्षी मचाण नाही. त्याने खाली तळावर चूल सांभाळायची. मंडळ चालवणारे आमचे सर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, या बाबतीत मोठे कडक. गणना संपवून सगळे तळावर जमलो, तेव्हा त्यांनी पहिलं हेच काढलं.

"तुमच्या मचाणाखालून भेकर ओरडलं. काय झालं?"

तो अजून त्या आनंदातच होता. म्हणाला, "सर, मादी होती. बरोबर पाडस. अगदी शिडीपाशी आली. तिने वर बघितलं सर, सरळ माझ्याकडे, आणि परत मान खाली घालून खायला लागली!"

सर हसले. "अहो, भेकर माणसाला बघून चरत राहतं होय? तेही पाडस बरोबर असताना?"

"राहिली ना! मी पाहिलं. मग काहीतरी खर्रकन वाजलं..."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मला सांगायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "सर, जाऊ दे ना. याचा डोळा लागला होता. घोरला जरा."

आणि मग जो हशा पिकला! बसण्याचा मास्तर घोरला!

तो हसला नाही. चिडलाही नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अरे, मी तुला बोट लावलं ना?"

"मला? नाही बुवा."

"कोपराला."

"झोपेत हात हलला असेल तुझा."

"आणि तो आवाज?"

"तुझाच. स्वतःच्या घोरण्यानेच तू दचकून जागा झालास."

तो माझ्याकडे बघत राहिला. तो माझ्यावर संशय घेत नव्हता. तो स्वतःला तपासत होता. उंबऱ्यावर बसणाऱ्या माणसाला आपण कधी आत गेलो हे कळत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, आणि मी नेमका तिथेच हात घातला होता. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे ओरडलं तेवढं खरं, बाकी स्वप्न होतं तर. तरीच. तरीच तिने मान खाली घातली." आणि सरांकडे जाऊन म्हणाला, "सर, मी पाहिलेलं ते भेकर गणनेत मांडू नका. पुढल्या वर्षी चूल माझी."

पुढल्या वर्षी त्याने चूल सांभाळली. पिठलं-भात असा केला की लोक मचाणावरून लवकर उतरायला लागले. त्याच्या पुढल्या वर्षी तो आला नाही, आणि मग कधीच आला नाही. मचाण माझ्याकडे आलं. मला अधूनमधून काही दिसूही लागलं. नव्या लोकांना मी बसायला शिकवायला लागलो. हरीण तुम्हाला बघत नाही, तुमचं अवघडणं बघतं, असं मी सांगायचो. ते वहीत उतरवून घ्यायचे. वाक्य कोणाचं, ते मी कधी सांगितलं नाही.

एकदा डोंबिवलीला त्याच्या घरी गेलो. गॅलरीत त्याने फळ्यांची एक बैठक केली होती, मचाणासारखी, ती दिसली नाही. वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "काढून टाकली हो. हल्ली हे त्या स्टुलावरच बसतात, पाठ ताठ करून. मी म्हणते, अहो टेका जरा. तर म्हणतात, नको, आराम मिळाला की माझा भरवसा नाही." चहा होता म्हणून मी कप तोंडाला लावला.

कचेरी सुटली, माझी आई गेली, सर गेले. तो मुलाकडे टिटवाळ्याला राहायला गेला. किस्सा मात्र राहिला. मी नसतानाही लोक तो सांगायचे, माझ्याहून चांगला सांगायचे.

त्या मुलीचा फोन ठेवला आणि मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, "मला काय सांगता? टिटवाळ्याला जा." मग थोड्या वेळाने, "आणि तो चिवडा घेऊन जा. त्यांना आवडतो."

नवी इमारत, लिफ्टला अजून प्लास्टिक लावलेलं. दार वहिनींनीच उघडलं. तो बाहेरच्या खोलीत होता, स्टुलावर, भिंतीपासून लांब, ताठ. वाळला होता. मला बघून खुलला. "ये रे! बस. सोफ्यावर बस, मऊ आहे."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. उभ्यानेच सांगून टाकलं. बोट लागलं होतं. तू जागा होतास. आवाज माझ्या पिशवीचा. चुकून नाही, मुद्दाम.

तो स्टुलावर माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "का रे?"

"जळत होतो तुझ्यावर."

"माझ्यावर? माझ्याकडे काय होतं?"

 मी म्हणालो, "मला माफ कर."

माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. त्याने स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या. "थांब. थांब जरा. म्हणजे ती आली होती?"

"हो."

"पाडस पण?"

"मला दिसलं नाही. खोड मध्ये होतं. पण पानं ओढल्याचा आवाज मी ऐकला."

"हरामखोर," तो म्हणाला. मोठ्याने नाही. "इतकी वर्षं मी तिला स्वप्न समजतोय. इतकी वर्षं! बायकोला सुद्धा नीट सांगितलं नाही कधी. स्वप्नं काय सांगायची?" त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा रडणाऱ्याचा नव्हता. मी तो चेहरा आधी एकदा पाहिला होता, अर्धाच.

मी म्हणालो, "स्मरणिकेत सगळं लिहितो. खरं काय झालं ते. त्या मादीचंही सविस्तर लिहितो, तू सांग मला, कशी आली, काय केलं..."

"तुझं तू लिही," तो म्हणाला. "पिशवीचं लिही, घोरण्याचं लिही. तिचं नाही लिहायचं. तू पाहिली नाहीस."

आणि तो उठला. उठायला त्याला भिंत धरावी लागली. "बस तू, आलोच," म्हणत आत गेला, वहिनींकडे. "अगं, ऐक. गॅस बंद कर आधी. बस इथे. तुला एक सांगायचं राहिलंय."

मी सोफ्याच्या काठावर टेकलो. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून त्याचा आवाज येत होता, हलका, संथ, तो सांगायला लागला की माणसं उठून त्याच्याकडे जायची तसा. शब्द लागत नव्हते. मी जरा पुढे सरकलो, कान दिला, तरी लागेनात. मी माफी मागायला आलो होतो हे मला ठाऊक होतं, आणि तरी त्या वेळी मला एवढंच वाटत होतं की आत सांगतोय ते तो मला का सांगत नाही, मला का नाही.

मग तो थांबला, आणि आतून वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! आणि तिने वर बघितलं?"